वाळूतली पहिली ओंजळ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. पण आजवर वाचत आले ते एखादी बेतलेली गोष्ट वाचावी तसेच. भुतंखेतं, चकवे, अंगात येणं, स्वप्नातले दृष्टान्त… यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि आता बसला आहे असंही मी म्हणणार नाही. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. शेजारच्या मुली सागरगोटे खेळत तेव्हा मी ओसरीवर बसून मात्रा मोजत असे. अद्भुत म्हणून जे काही असतं ते कवितेत असतं, आणि तिथेही त्याच्या दाराशी 'जणू' हा शब्द पहाऱ्यावर उभा असतो, अशी मला शिकवण. वारा जणू कुणाचा निःश्वास; नदी जणू कुणाची वेणी. 'जणू' काढून घेतला की उरतो तो नुसता वारा आणि नुसती नदी.

आज जे लिहायला बसले आहे त्यात 'जणू' कुठे घालावा हेच मला कळत नाही. महायुद्ध संपून काही वर्षं लोटली तरी लिहिणं टाळत आले ते त्यामुळेच.

युद्धाच्या दिवसांत मी मुरबाडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. एकटीच राहत असे. सगुणा मला दूध घाली. काळू नदीच्या काठावर गावाबाहेर तिच्या सासरची वस्ती होती. घरात सासू आणि दोन म्हशी. नवरा हरी आधी कल्याण–मुरबाड सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि लढाई सुरू झाल्यावर लॉरी हाकायला फौजेत भरती होऊन समुद्रापार मिसर देशात गेला. त्याची पत्रं दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेली येत आणि मी ती सगुणाला वाचून दाखवत असे. वाचताना ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राही, हातातलं माप तसंच, त्यातून दुधाचा एखादा थेंब ओघळत असे.

अशाच एका पत्रात त्याने वाळूबद्दल सांगितलं होतं. इथे डोंगर आहेत पण दगडाचे नव्हेत, नुसत्या वाळूचे. चढायला जावं तर पाऊल पुढे पडतं आणि वाळू अर्ध्यावर मागे आणते. दुपारी तळव्यांना पोळते आणि सांज झाली की गार पडते. पाणी मोजून मिळतं.

त्यानंतर पत्रं थांबली.

थंडी गेली, शिमगा झाला, तरी पत्र नाही. सगुणा रोज दूध ओतताना एकदा माझ्या मेजाकडे बघे, आणि जाई. चैत्रात परीक्षा आटोपल्या, शाळेला सुट्टी लागली, तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "बाई, वाळूत चालायला याल का माझ्यासंगं?"

"वाळूत?"

"माझ्या माहेराकडं, धसईच्या वरच्या अंगाला, नदीला मोठी वाळू हाय. टेकाडंच्या टेकाडं. मना बगायचं हाय कसं चालतात ते वाळूत. एकलीनं गेले तर लोक म्हनतील येडी झाली. तुमी असल्यावर म्हनतील, बाईंना दाखवायला नेलंय."

त्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, आणि मलाही घर खायला उठलं होतं. मी हो म्हटलं. हनुमान जयंतीला आम्ही धसईला तिच्या माहेरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ गणपत याने बैलगाडी जुंपली.

गणपत थट्टेखोर माणूस. वाटभर त्याने आम्हाला सोडलं नाही. "बाई, वाळू बगायला जाताव? आमी जन्मभर धोतरातून ती झटकतोय, आनि तुमी गाडी करून बगायला चालल्याव."

"तू बैल हाक," सगुणा म्हणाली.

"हाकतोय की. दाजींनी पत्रात लिवलं असतं का तिथं चिखल हाय, तर भाताच्या आवनात नेऊन उभी केली असतीस बाईंना."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं.

ती जागा राखीव जंगलाच्या हद्दीत आहे. सह्याद्रीच्या भिंतीखाली काळू एक मोठं वळण घेते, आणि पावसाळ्यातल्या पुराने आणलेली वाळू त्या वळणाच्या पोटात साठत जाते. उन्हाळ्यात पाणी पलीकडच्या कडेला एखाद्या दोऱ्याएवढं उरतं आणि अलीकडे वाळूचं रान उघडं पडतं. मग दुपारचा पश्चिमेचा वारा तिला आकार देतो. दोन पुरुष उंचीची टेकाडं, त्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि पाठीवर बारीक बारीक लाटा. जुन्या रेशमी शालूची घडी उलगडावी तशी ती वाळू उन्हात पसरलेली होती. काठावर पाणजांभळींची रांग होती. त्या नुकत्या फुलल्या होत्या आणि त्यांचा तुरट-मधुर वास मधमाश्यांच्या गुणगुणण्यात मिसळून खाली येत होता.

गणपत बैल सोडून जांभळीखाली बसला. आम्ही दोघी वाळूत उतरलो.

सगुणाने वहाणा काढल्या, म्हणून मीही काढल्या. पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशी वाळू कोमट होती, वर जावं तसतशी तापत गेली. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, आणि उचलायला जावं तर सगळं टेकाड आपल्याखालून हलकेच मागे सरकतं. वरची वाळू पोळत होती आणि खालची, बोटांच्या टोकांना लागणारी, गार. प्रत्येक पावलागणिक एक बारीक आवाज येत होता, जात्याच्या पाळीत पीठ दबावं तसा. माथ्यावर पोचलो तेव्हा दोघींना धाप लागली होती. वाऱ्याने उडणारे कण पोटरीवर सुयांसारखे टोचत होते.

"पाय मागं जातो," सगुणा म्हणाली. "खरंच लिवलंवतं त्यांनी."

मग ती दुसरं टेकाड चढली, तिसरं चढली. मी मागे पडले. ती उतरे, परत चढे, डोक्यावरचा पदर घट्ट दातात धरून. तिला थांब म्हणावंसं मला वाटलं नाही. तिथे ती एकटीच चालत आहे असं दिसत होतं, पण ती कुणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवते आहे, इतकं मला कळत होतं.

दुपार कलली तेव्हा दोघींचे घसे कोरडे पडले होते. गाडीतली घागर वर काठावर. सगुणा म्हणाली, "तिकडं कशाला जायाचं? पानी तर पायाखाली हाय." सगळ्यांत मोठ्या टेकाडाच्या पायथ्याशी, जिथे जांभळीची मुळं काठातून वाळूत उतरली होती, तिथे ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी झिरा खणू लागली.

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. त्या भागातल्या बाया उन्हाळाभर असंच पाणी भरतात. कोपरभर खोल गेलं की वाळू ओली लागते, मग गढूळ पाणी झिरपतं. ते उपसून टाकायचं, थोडं थांबायचं, आणि मग जे पाणी चढतं ते काचेसारखं नितळ असतं. त्याचे दोन नेम सगुणाने मला खणता खणता सांगितले. पहिली ओंजळ खणणारीने प्यायची नाही. जवळ कुणी परकं असेल, पाहुणं असेल, तर त्याला द्यायची. नसेल तर कुणाच्या तरी नावाने वाळूत सोडायची. आणि निघताना झिरा बुजवायचा. उघडा टाकला तर गुरं, रानडुकरं त्यात तोंड घालतात आणि सगळा पाझर नासतो. "सासूनं पयल्या उन्हाळ्यातच शिकवलं. एकडाव उघडा टाकून आले तर काय बोलली म्हनता! चूल पेटती ठेवून गावाला जाशील म्हनाली."

"मग पहिली ओंजळ मला दे. मी परकी आहे."

"तुमी कशाच्या परक्या?" ती म्हणाली.

पाणी चढलं. त्याला जांभळीच्या मुळांचा गार, किंचित तुरट वास होता. सगुणाने ओंजळ भरली, वर उचलली, आणि एक क्षण तशीच राहिली. मग तिने नवऱ्याचं नाव घेतलं. त्या गावांत बायको नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही. मी तिच्या तोंडून ते कधीच ऐकलं नव्हतं. तिने नुसतं "हरी" म्हटलं, हलक्या आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं. आणि ओंजळ झिऱ्याच्या कडेला वाळूत सोडली.

वाळूने ती पिऊन टाकली. यात नवल काहीच नाही.

मग झिऱ्यातलं पाणी खाली जाऊ लागलं.

पाझर तुटला की पाणी ओसरतं, तसं ते ओसरत नव्हतं. ते एका टप्प्याने खाली गेलं आणि थांबलं. परत एका टप्प्याने गेलं आणि थांबलं. प्रत्येक टप्प्यागणिक एक आवाज येत होता. तो मी लिहून सांगू शकत नाही, पण तहानलेला माणूस घाईने पितो तेव्हा घशातून येतो तो आवाज कुणाला ओळखू येणार नाही? मधे एकदा तो जास्त वेळ थांबला. पिणारा श्वास घ्यायला थांबतो, तितका. आणि त्याच वेळी झिऱ्यातून वास आला. जांभळीचा नव्हे. तापलेल्या लोखंडाचा, पेट्रोलचा, घामाने भिजून वाळलेल्या जाड कापडाचा. आसपास कोसभर मोटार नव्हती. वारा तर नदीवरून, स्वच्छ, माझ्या तोंडावर येत होता.

मी सगुणाकडे पाहिलं. मला भास होत असेल तर तो माझ्यापुरताच राहावा, असं वाटत होतं.

"मोटरीचा वास," ती म्हणाली. तिचे डोळे झिऱ्यावरून हलले नव्हते. "पितायत, बाई. ते पितायत."

पाणी तळाला गेलं. ओली वाळू क्षणभर चकाकली. मग, अगदी सावकाश, कडेकडेने थेंब गोळा होऊ लागले आणि झिरा पुन्हा भरायला लागला.

"पिऊ दे," सगुणा पुटपुटली. "अजून पिऊ दे. भरतंय."

आम्ही दोघी त्या वाढत्या पाण्याकडे बघत होतो. वीत-अर्धी वीत चढलं असेल, तेवढ्यात वरून गणपतची आरोळी आली. "सगुने! वनवा! वर या गो, वनवा आलाय!"

मागे वळून पाहिलं तर डोंगराच्या उतरणीवरून धूर खाली लोळत येत होता आणि त्याच्या पोटात लाल रेघ होती. बैल दाव्याला हिसके देत होते. वाळलेलं गवत किती वेगाने पेटतं ते त्या रानातल्या माणसांना सांगावं लागत नाही. सगुणा उठली, एका हाताने मला ओढलं, आणि वळता वळता उजव्या पायाने कडेची वाळू झिऱ्यात लोटली. एकदा, दोनदा. मागे न बघता. घरातून निघताना हात जसा आपोआप कडीकडे जातो, तसा तो पाय गेला.

वाळू पडली तेव्हा खालून एक आवाज मी ऐकला. पत्र्याचं भांडं कशावर तरी आपटावं तसा, छोटा, बोथट. मग आम्ही पळालो.

वणवा काठापर्यंत आला नाही; मधल्या वाटेवर विझला. गाडीत बसल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वाळूत पोकळ्या असतात, सगुणा, पाणी एकीकडून दुसरीकडे जातं, हवेचे बुडबुडे सुटतात, त्यांचा आवाज होतो… ती ऐकत होती आणि हसत होती.

"ते शाळेत सांगा, बाई. मी माझ्या मानसाला पानी पाजून आले."

गणपतने वळून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

पावसाळ्यात सरकारी कागद आला. मीच वाचला. हरी बेपत्ता आहे, एवढंच त्यात होतं. सासूने पदर तोंडात कोंबला. सगुणाने विचारलं, "बेपत्ता म्हंजे मेला नाय ना?" मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यानंतरचे महिने ती ज्या रीतीने जगली ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ती आनंदात होती. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. वस्तीतल्या बाया तोंडावर बोलत. एकदा माझ्या दारातच एक जण म्हणाली, "सरकारनं कागद धाडला तरी ही नटून फिरते. कुनासाठी गो?"

"ज्याच्यासाठी तू नटतेस त्याच्यासाठीच," सगुणा म्हणाली. "माझा मानूस पानी पेला हाय. मेलेला मानूस पानी पितो का? तूच सांग."

ती बाई निघून गेली. आणि मी? कागदावरच्या त्या एका शब्दापुढे मलाही हळूहळू त्या झिऱ्याचाच आधार वाटू लागला होता. मी तिला समजावणं सोडून दिलं. मनात म्हणत असे, तो प्यायला आहे. तहानेने तरी जाणार नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी सासूने मला बोलावणं धाडलं. अंगणात एक पुरुष बसला होता. खाकी डगला, एक पाय ओढत चालणारा. नाव नामदेव, शहापूर तालुक्यातला, आसनगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. हरीच्या लॉरीवर तो त्याचा जोडीदार होता. हॉस्पिटलातून सुटून घरी आला आणि किन्हवलीच्या वाटेने चालत थेट इथे. सासूने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गूळ ठेवला होता. त्याने त्याला हात लावला नव्हता.

"वैनी," तो सगुणाला म्हणाला, "आदी सांगतो. मंग तुमी म्हनाल तर पानी घेईन."

वाळूच्या वादळात त्यांची लॉरी बाकीच्यांपासून चुकली होती. इंजिनातलं पाणीसुद्धा त्यांनी काढून पिऊन संपवलं. नामदेवाचा पाय लॉरीखाली सापडून मोडलेला. हरीने त्याला पाठीवर घेऊन एका वाळूच्या डोंगराच्या सावलीत आणून टाकलं.

"आदल्या दिशी कॅम्पात हनुमान जयंती केलेली आमी," तो म्हणाला. "नारळ कुटला? डब्यातलं दूध नि साखर वाटली. आनि दुसऱ्या दिशी हे असं. दुपार कलली होती. मी म्हनलं, हरी, मी जातो आता. तर तो म्हनतो, गप, वाळू ओली लागतेय. मना वाटलं याचं डोकं फिरलं. तिथं पानी? पन त्यानं हातांनी उकरलं नि पानी आलं, वैनी. आईची आन. नितळ पानी."

मी सगुणाकडे बघत नव्हते. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"त्यानं वास घेतला. हसाया लागला. म्हनतो, नामा, ह्ये आमच्या काळूचं पानी. जांभळीचा वास येतोय. मी म्हनलं, पी मंग. तर म्हनतो, घरचं पानी हाय, तू पाव्हना. पाव्हन्यानं आदी प्यायाचं. टमरेल भरभरून मना दिलं. मी पेलो. वैनी, मी थांबलो नाय. मधी एकडाव दम घ्यायाला थांबलो तेवडाच. सगळं पेलो. तो म्हनला, घाई नको करूस, परत भरतंय."

अंगणात म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता.

"भरत होतं. खरंच भरत होतं. हरीनं टमरेल खाली घातलं, नि वाळू पडली. वरून नाय ढासळली. बाजूनं आली. कुनी पायानं लोटावी तशी. एकडाव… नि परत एकडाव. टमरेल खाली दगडावर वाजलं. मंग आमी दोघांनी किती उकरलं! नखं गेली. कोरडी वाळू, नुसती कोरडी. दुसऱ्या सकाळी तो गेला. मी त्याच्यावर वाळू घातली नि सरपटत निघालो. मंग आमच्या लोकांना घावलो. पन ती जागा परत मना दाखवता नाय आली. म्हनून कागदावर बेपत्ताच ऱ्हायला."

आता मात्र मला सगुणाकडे बघावंच लागलं. तिला कळलेलं नसू दे, असं मी देवाला म्हणत होते. ज्या देवाला मी फारसं काही म्हणत नाही त्याला. तिचा चेहरा अगदी स्थिर होता. ती स्वतःच्या पायांकडे बघत नव्हती. तांब्याकडे बघत होती.

"होट तरी भिजलं का त्यांचं?" तिने विचारलं.

"माझा हात ओला होता. तो मी त्याच्या तोंडावरून फिरवला."

"आनि पानी गार होतं?"

"गार होतं, वैनी. असं पानी मी जन्मात पेलो नाय."

सगुणा उठली. तिने तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला. नामदेवाने मान फिरवली, त्याच्याने घेववेना. तेव्हा ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"भाऊजी, त्यांनी दिलं तर पेलाव. मी दिलं तर का नाय? प्या."

तो प्यायला. ती शेवटच्या घोटापर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन तांब्या परत भरून आणला.

दुसऱ्या सकाळी ती दूध घालायला आली तेव्हा तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या.

मी खुलासा शोधला नाही असं नाही. कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित गृहस्थांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाळवंटातही वाळूखाली कधी कधी ओल सापडते, खड्डा ढासळतोही. नदीतल्या झिऱ्याचं पाणी उतरतं, चढतं. तहानलेल्या माणसाला ओळखीचे वास येतात, आणि वाट बघणाऱ्या बायकोलाही. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्या सुट्या राहत नाहीत. एकाच दिवशी, एकाच कलत्या दुपारी त्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत. सगुणाची चूक म्हणावी तर तिने केलं ते काय? उघडा झिरा टाकून जायचं नाही, हे तिच्या पायाला ठाऊक होतं. आणि पाहुण्याआधी प्यायचं नाही, हे हरीच्या हाताला.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. एकदा मात्र मला राहवलं नाही. ती फार वाळली होती. मी म्हटलं, "सगुणा, तो योगायोग होता. तुझ्या पायाने इथली वाळू लोटली म्हणून तिकडे समुद्रापार कशी पडेल? मनाला लावून घेऊ नकोस. असं काही नसतं."

ती दूध ओतता ओतता थांबली.

"मंग माझी ओंजळ तिथं पोचली, तीबी नाय म्हनायची?"

तिने माप खाली टेकवलं.

"भाऊजी जगले ते कोनाच्या पान्यावर? दोन्ही नाय म्हना, बाई, नायतर दोन्ही हाय म्हना. एकच काढून घेऊ नका माझ्याकडून."

ती उत्तरासाठी थांबली होती. खरोखरच थांबली होती. शिकलेल्या बाईकडून काहीतरी मिळेल म्हणून. दोन्ही नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि दोन्ही आहे, हे तिच्या तोंडाकडे बघत मी कसं म्हणणार होते? मी नुसतं भांडं पुढे केलं. तिने उरलेलं दूध ओतलं आणि ती गेली. तिला काय सांगायला हवं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.